थ्री-नॉट-थ्री घरी आणल्यावर : जुन्या ली-एनफिल्डची सुरक्षा-तपासणी आणि देखभाल

जुनी लष्करी रायफल विक्रीला ठेवलेली दिसली की माणूस आधी तिचे लाकूड न्याहाळतो, मग नळीच्या तोंडात डोकावतो, आणि आतून चकाकी दिसली की खिशात हात घालतो. मीही माझी पहिली ली-एनफिल्ड, म्हणजे आपल्याकडची ‘थ्री-नॉट-थ्री’ (.३०३ बोअरची ब्रिटिश लष्करी रायफल), अशीच घेतली. १९४३ साली टोरांटोच्या पश्चिमेकडील लाँग ब्रँच येथील कारखान्यात तयार झालेली, नंबर ४ मार्क १ स्टार या प्रकारची ती रायफल दिसायला देखणी होती. घरी आणून बोल्टच्या, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या, मुठीमागचा क्रमांक भिंगाखाली धरला तेव्हा दिसले की शेवटचे दोन आकडे कोणीतरी कानशीने घासून त्या जागी नवे आकडे ठोकलेले आहेत. म्हणजे हा बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा होता. विकणाऱ्याला हे ठाऊक होते की नव्हते, हे मला कधीच कळले नाही. पण पुढचे पाच महिने त्या रायफलीतून मी एकही गोळी झाडली नाही, आणि या लेखातले बहुतेक सगळे त्या पाच महिन्यांत शिकलो.

तेव्हा झालेले मत आजही कायम आहे. या रायफली गोळीबाराने जेवढ्या खराब झाल्या, त्याहून अधिक त्या नंतरच्या हौशी हातांनी खराब केल्या आहेत. चुकीच्या बाजूने घातलेली साफसफाईची सळई, पॉलिश पेपरने घासलेले लाकूड, सुट्या भागांच्या ढिगातून उचलून बसवलेला बोल्ट आणि ‘जरा हलका करू’ म्हणून घासलेला ट्रिगर, हे खरे शत्रू आहेत. म्हणून पुढे तपासणी आधी येईल आणि साफसफाई नंतर, आणि कुठे हात लावू नये हे मी पुन्हा पुन्हा सांगेन.

कोणासाठी

कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमध्ये राहणारे, स्थानिक परवाना आणि प्रशिक्षण असलेले मराठी वाचक माझ्या डोळ्यांसमोर आहेत. भारतात .३०३ हा बोअर प्रतिबंधित गटात मोडतो आणि सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. महाराष्ट्रात ही रायफल आपण पाहिली ती पोलिसांच्या खांद्यावर. नोव्हेंबर २००८ मध्ये सीएसटी स्थानकावरील काही पोलिसांच्या हातातही तीच होती. मात्र पश्चिम बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल आपल्याकडे अनेक परवानाधारकांकडे असते आणि तिची यंत्रणा ली-एनफिल्डच्याच घराण्यातली आहे. तिच्या मालकांना स्वच्छतेचा आणि लाकडाचा भाग उपयोगी पडेल. पण खाली दिलेली मापे .३०३ ची आहेत, ती .३१५ ला लावू नयेत, आणि दुरुस्ती परवानाधारक शस्त्र-कारागिराकडूनच करून घ्यावी.

आधी रिकामी, मग बाकीचे

रायफल हातात घेतली की पहिले काम एकच असते, आणि ते दर वेळी, अगदी पाच मिनिटांपूर्वी स्वतः तपासून ठेवली असली तरीही, करायचे असते. नळी सुरक्षित दिशेला धरावी, बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर ठेवावे, मॅगझिन काढावे आणि बोल्ट पूर्ण मागे ओढावा. मग चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीत, केवळ पाहू नये, तर करंगळी घालून चाचपावे. ली-एनफिल्डच्या मॅगझिनमध्ये दहा काडतुसे बसतात. ते बाहेर काढून टेबलावर ठेवले की काम झाले असे मनाला वाटते आणि चेंबरमधले अकरावे काडतूस विसरले जाते. त्यानंतर काडतूस ज्या मार्गाने वर येते तो मार्ग आणि शेवटी नळी आरपार मोकळी आहे ना, हे पाहावे. कॅनडातील सुरक्षा प्रशिक्षणात हाच क्रम घोटून घेतात. तपासणी ज्या खोलीत करायची त्या खोलीत एकही जिवंत काडतूस नसावे, हा नियम मी स्वतःसाठी जोडला आहे.

हातात नेमके काय आले आहे

‘थ्री-नॉट-थ्री’ या एका नावाखाली अनेक वेगळ्या रायफली वावरतात. पहिल्या महायुद्धातली, नळीच्या टोकापर्यंत लाकूड आणि पुढे जाड नाकाड असलेली ती नंबर १ मार्क ३. इशापूरला हाच प्रकार बनत असे. जिच्या नळीचा थोडा भाग लाकडाबाहेर डोकावतो ती दुसऱ्या महायुद्धातली नंबर ४. ती ब्रिटनमध्ये फझाकर्ली, मॉल्टबी आणि शर्लीला, अमेरिकेत सॅव्हेजकडे आणि कॅनडात लाँग ब्रँचला बनली.

काही खुणा दिसल्या तर तिथेच थांबावे. शरीरावर (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या मुख्य भागावर), नळीवर किंवा लाकडावर इंग्रजी ‘डीपी’ ही दोन अक्षरे ठोकलेली असतील तर ती कवायतीची रायफल आहे. बहुधा झिजलेली किंवा मुद्दाम निकामी केलेली असते आणि तिच्यातून गोळी झाडायची नसते. अक्षरे भरून काढलेली किंवा रंगाखाली लपवलेलीही मी पाहिली आहेत, म्हणून तिरक्या प्रकाशात पाहावे. मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवलेली इशापूरची रायफल दिसली तर ती .४१० ची एकबारी मस्केट असते, जी भारतात पोलिसांना देत, तिच्यात .३०३ चे काडतूस घालण्याचा विचारही करू नये. चौकोनी, खोल मॅगझिनची इशापूर २ए किंवा २ए१ ही ७.६२ मिमी नाटो काडतुसाची रायफल असते, .३०३ ची नव्हे. आणि पुढच्या लाकडाभोवती तांब्याच्या तारेचे घट्ट वेढे असतील तर ती ग्रेनेड फेकण्यासाठी वापरलेली असावी; तशा रायफलीने सोसलेला ताण पाहता मी ती भिंतीवरच ठेवीन.

दिलासा देणाऱ्या खुणाही असतात. ब्रिटनमधून नागरी बाजारात आलेल्या रायफलीच्या नळीवर बहुधा २.२२२ इंच आणि १८.५ टन असे आकडे असतात. पहिला काडतुसाच्या पुंगळीच्या लांबीचा आणि दुसरा दर चौरस इंचावरील दाबाचा; म्हणजे ती रायफल प्रूफ हाउसमध्ये (शस्त्रांची दाबचाचणी करणाऱ्या संस्थेत) तपासली गेली होती. ही खूण त्या दिवसापुरती खरी असते, पुढच्या पन्नास वर्षांची हमी त्यात नसते.

यानंतर क्रमांक जुळवावेत. नंबर ४ चा क्रमांक दस्ता जिथे धातूच्या खोबणीत बसतो त्याच्या डाव्या बाजूला, आणि बोल्टचा मुठीच्या मागच्या अंगाला असतो. दोन्ही एकच हवेत. लष्करी आर्मरर (शस्त्र-कारागीर) बोल्टचे मागचे दोन कान त्या विशिष्ट शरीराच्या खाचांशी जुळवून बसवत असे, आणि परक्या बोल्टला हे जुळवून घेणे लाभलेले नसते. क्रमांक जुळत नाही म्हणून रायफल लगेच बाद होत नाही. पण अशी रायफल गेज (ठरावीक मापाचा ठोकळा) लावल्याशिवाय मैदानावर न्यायची नाही, एवढे नक्की.

बोल्ट : इथे घाई नको

बॅकसाइट (नेम धरायची मागची पट्टी) उभी करावी, म्हणजे ती बोल्टच्या वाटेत येणार नाही. नंबर ४ मार्क १ मध्ये बोल्ट मागे घेऊन बोल्टचे डोके ज्यावर सरकते त्या उजव्या रुळाजवळची कळ दाबली की बोल्टचे डोके मोकळे होते. मार्क १ स्टारमध्ये ती कळ नसते. रुळाच्या पुढच्या भागात एक खाच कापलेली असते, बोल्टचे डोके तिच्यासमोर आले की ते वर फिरवून बोल्ट मागे काढायचा. उत्पादन सोपे करण्यासाठी केलेली ही युक्ती लाँग ब्रँच आणि सॅव्हेजच्या रायफलींचा कच्चा दुवा ठरली आहे. खाचेच्या कडेचा रूळ कालांतराने टवका उडून झिजतो आणि मग बोल्ट जोरात मागेपुढे करताना डोके आपोआप वर उसळते. म्हणून कड बोटाच्या टोकाने चाचपून पाहावी, आणि रिकाम्या रायफलीचा बोल्ट वीस-पंचवीस वेळा वेगाने चालवावा. एकदाही डोके निसटले तर रायफल गनस्मिथकडे, म्हणजे शस्त्र-कारागिराकडे, जाते.

बोल्ट बाहेर आला की तो रॉकेलने पुसून कोरडा करावा आणि चांगल्या उजेडात भिंगाने पाहावा. ली-एनफिल्डचे कुलूप मागच्या बाजूला असते: डाव्या अंगाचा आखूड कान आणि उजव्या अंगाची लांब पट्टी हे दोघे मिळून स्फोटाचा जोर झेलतात. या दोन्हींच्या मुळाशी केसासारखी चीर आहे का ते पाहावे. दोन्ही समान टेकतात का हे कळण्यासाठी त्यांच्या मागच्या पृष्ठभागावर मार्कर पेनाची शाई लावावी, बोल्ट बसवून आठ-दहा वेळा उघडबंद करावा आणि पुन्हा काढून पाहावा. शाई दोन्हींवरून पुसली गेली असेल तर ठीक. एकावरच पुसली गेली असेल तर सगळा भार एकाच कानावर येतो आहे. माझ्या रायफलीत डाव्या कानावरची शाई जशीच्या तशी होती.

बोल्टचे डोके हाताने आट्यांवर फिरवून बसवतात. पूर्ण बसल्यावर ते बोल्टच्या पट्टीशी साधारण एका रेषेत यावे. थोडे पुढे फिरले तरी चालते, पण सुमारे वीस अंशांहून अधिक फिरत असेल तर आटे झिजलेले आहेत. डोक्याच्या तोंडावर फायरिंग पिनचे भोक गोल असावे, त्याभोवती खड्ड्यांचे वर्तुळ नसावे, कारण ते वर्तुळ म्हणजे फुटलेल्या प्रायमरमधून (काडतुसाच्या बुडातली, पिन आदळली की पेटणारी टोपी) निसटलेल्या वायूची सही असते. पिन पुढे सुटलेल्या अवस्थेत तिचे टोक ०.०४० ते ०.०५० इंच, म्हणजे साधारण १ ते १.२५ मिमी बाहेर दिसावे, आणि टोक गोलसर असावे.

हेडस्पेस

हा शब्द सगळे वापरतात आणि थोड्यांनाच त्याचा अर्थ उलगडलेला असतो. माउझरसारख्या रायफलीत काडतूस त्याच्या खांद्यावर, म्हणजे पुंगळी जिथे निमुळती होते तिथे, अडते; .३०३ चे काडतूस मात्र बुडाच्या काठावर अडते. हा काठ चेंबरच्या तोंडाशी टेकतो आणि मागून बोल्टचे डोके येते. या दोघांमध्ये काठाला जेवढी जागा मिळते ती हेडस्पेस. ब्रिटिश लष्कराच्या मापाप्रमाणे ती किमान ०.०६४ इंच आणि कमाल ०.०७४ इंच हवी, म्हणजे १.६३ ते १.८८ मिमी. या दोन टोकांतला फरक माणसाच्या तीन-चार केसांच्या जाडीएवढा आहे, त्यामुळे नजरेने, कागदाच्या पट्टीने किंवा काडतुसाला चिकटपट्टी लावून हे मोजता येत नाही, जरी लोक तसे करतात.

जागा जास्त असेल तर स्फोटाच्या क्षणी पुंगळीची भिंत चेंबरला घट्ट धरून बसते आणि बूड मागे सरकते. पितळ बुडाच्या किंचित वर ताणले जाते, आणि फार ताणले तर पुंगळीचे दोन तुकडे होतात. बहुतेक वेळा अर्धी पुंगळी चेंबरमध्ये अडकते एवढ्यावर निभावते. कधी तप्त वायू मागे, तोंडाकडे येतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा नसताना या रायफलीमागे बसू नये ते यासाठी.

मोजण्यासाठी दोन गेज लागतात. चेंबर आणि बोल्टचे तोंड अगदी कोरडे व स्वच्छ करावे, गेज ठेवून बोल्ट दोन बोटांच्या हलक्या जोराने बंद करावा. ०.०६४ च्या गेजवर तो बंद झाला पाहिजे आणि ०.०७४ वर होता कामा नये. मूठ जोराने दाबली तर पोलादही थोडे झुकते आणि उत्तर खोटे मिळते. गेज विकत घेण्यापेक्षा पहिल्यांदा गनस्मिथकडे जाणे मी श्रेयस्कर मानतो, कारण तो गेजबरोबर कानांची टेकणही पाहतो.

नंबर ४ च्या बोल्टची डोकी ०, १, २ आणि ३ अशा क्रमांकांची असत, वाढत्या क्रमांकाबरोबर लांबी किंचित वाढे, आणि हेडस्पेस वाढली की आर्मरर पुढच्या क्रमांकाचे डोके बसवी. ही सोय आज सापळा झाली आहे. लोक ३ क्रमांकाचे डोके विकत आणतात, गेज अडला की समाधान मानतात. पण हेडस्पेस कानांच्या झिजेमुळे वाढली असेल तर लांब डोके ती झीज केवळ झाकते. आधी कारण, मग डोके. आणि ३ क्रमांकाचे डोके बसवूनही ०.०७४ चा गेज अडत नसेल तर त्या रायफलीचे आयुष्य संपले. माझ्या रायफलीला गनस्मिथने क्रमांक नसलेल्या दुसऱ्या, न वापरलेल्या बोल्टवर दोन्ही कान बसवून दिले, तेव्हा १ क्रमांकाच्या डोक्यावर माप बरोबर आले. नंबर १ रायफलीच्या डोक्यांना असे क्रमांक नसतात. तिथे घरी करण्यासारखे काहीच नाही.

सेफ्टी आणि ट्रिगर

या चाचण्या रिकाम्या रायफलीवरच करायच्या आहेत आणि प्रत्येकीआधी चेंबर पुन्हा चाचपायचे आहे. बोल्ट बंद करून रायफल चढवावी (म्हणजे पिनची स्प्रिंग ताणली जाऊन ती सुटायला तयार होते), डाव्या अंगाची सेफ्टी मागे ओढावी आणि ट्रिगर जोराने दाबून सोडावा. कॉकिंग पीस (बोल्टच्या मागचा, पिनला जोडलेला तुकडा) तसूभरही पुढे येऊ नये आणि बोल्टची मूठ उचलली जाऊ नये. आता ट्रिगरला हात न लावता सेफ्टी पुढे करावी. या क्षणी पिन सुटली तर सेफ्टी किंवा सिअर (पिन अडवून धरणारा खटका) झिजले आहे आणि ती रायफल धोकादायक आहे. मग सेफ्टी पुढे ठेवूनच बोल्ट दहा वेळा जोरात बंद करावा, आणि चढवलेल्या अवस्थेत दस्त्याचे बूड रबरी चटईवर काही सेंटिमीटर उंचीवरून आपटावे. पिन सुटता कामा नये.

लष्करी ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो: पहिला मऊ आणि लांब, मग एक स्पष्ट अडथळा, मग सुटका. अडथळाच जाणवत नसेल तर कोणीतरी सिअरवर कारागिरी केली आहे. नंबर ४ मार्क १ मध्ये ट्रिगर हा ट्रिगर गार्डला टांगलेला असतो, त्यामुळे लाकूड आक्रसले की ट्रिगरची ओढही बदलते. १९४९ च्या मार्क २ मध्ये तो शरीरालाच जोडला गेला. म्हणजे ट्रिगर बिघडलेला वाटला तर कानस उचलण्याआधी स्क्रू आणि लाकूड पाहावे. ट्रिगर स्वतः घासून हलका करण्याबद्दल मला एवढेच लिहायचे आहे की तो करू नये.

नळी

बोल्ट काढून मागच्या बाजूने दिवा धरावा आणि नळीत तोंडाकडून पाहावे. पाच खोबणींचा डावीकडे वळणारा पीळ दिसेल. दोनच खोबणी दिसल्या तर घाबरू नये: युद्धकाळात लाँग ब्रँच आणि सॅव्हेज यांनी वेळ वाचवण्यासाठी दोन खोबणींच्या नळ्या बनवल्या आणि त्या चांगला नेम धरतात. खोबणींतला काळपट खरबरीतपणा नेमाला थोडाच बाधतो. नळीत आडवे, सावलीसारखे वर्तुळ मात्र अक्षम्य आहे. तिथे कधीतरी गोळी अडकून दुसरी झाडली गेली आणि नळी फुगली. बाहेरून त्याच जागी बोट फिरवले की फुगवटा कळतो.

तोंडाकडची झीज वेगळी. पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीच्या शिबिरात आमचे उस्ताद पितळी बट-प्लेटची झडप उघडून तेलाची बाटली आणि ‘फुलथ्रू’ (नळी साफ करायची दोरी) काढत, दोरीच्या फासात चिंदी अडकवून ती सरळ, एका दमात ओढायला लावत, आणि दोरी तोंडाच्या कडेला घासली की ओरडत. ते ओरडणे मला तेव्हा उगीच वाटे. दोरीला चिकटलेली वाळू वर्षानुवर्षे एकाच जागी घासून पोलादाला चर पाडते आणि नळीचे तोंड अंडाकृती होते, हे अनेक रायफली पाहिल्यावर पटले. घरी तपासायचे असेल तर ०.३११ ते ०.३१२ इंच जाडीची, काडतुसात न बसवलेली सुटी गोळी टोकाकडून तोंडात अलगद धरावी. ती अख्खी आत बुडाली तर तोंड झिजले आहे. जिवंत काडतूस उलटे घालून ही परीक्षा करणारे लोक आहेत. त्यांच्यात सामील होऊ नये.

लाकडाखाली

पुढचे लाकूड काढल्याशिवाय नळीच्या खालच्या अंगाचा गंज दिसत नाही, आणि लाकूड चुकीच्या क्रमाने काढले तर ते चिरते. नंबर १ मध्ये दस्त्यातून जाणाऱ्या लांब बोल्टाचे पुढचे टोक चौकोनी असते आणि ते पुढच्या लाकडातल्या एका पट्टीत अडकलेले असते. आधी दस्त्याचा बोल्ट फिरवला तर हे चौकोनी टोक फिरता फिरता लाकूड आतून फोडते, आणि बाहेरून दिसते ती फक्त मागच्या टोकाची बारीक भेग. म्हणून पुढचे लाकूड आधी, दस्ता नंतर, आणि दस्ता हलत नसेल तर तो काढूच नये. स्क्रूच्या खाचेत तंतोतंत बसणारा पेचकस वापरावा. ऐंशी वर्षांचा स्क्रू एकदा बोथट झाला की त्याला पर्याय मिळणे कठीण असते.

लाकूड निघाल्यावर ते शरीराला जिथे मागून टेकते त्या जागा पाहाव्यात. तिथले लाकूड तेल पिऊन काळे, मऊ झाले असेल तर धक्का नीट झेलला जाणार नाही. लाकूड परत बसवल्यावर नंबर ४ ची नळी पुढच्या टोकाशी लाकडावर २ ते ७ पौंडांच्या जोराने टेकलेली हवी. दोन बोटांनी नळी उचलली तर किंचित उठावी आणि सोडल्यावर परत बसावी.

लाकडाला पॉलिश पेपर लावू नये. त्याने कारखान्याचे शिक्के जातात, आणि धातूशी जुळलेली कडही खाली जाते. लष्करात लाकडाला कच्चे जवसाचे तेल चोळत. आपल्याकडे चटणीमुळे घरोघरी माहीत असलेले जवस ते हेच. तळहातावर काही थेंब घेऊन लाकूड गरम होईपर्यंत चोळावे, एक दिवस थांबावे, पुन्हा चोळावे. तेलाचे बोळे मात्र चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत, कारण हे तेल सुकताना उष्णता सोडते आणि ढिगातला बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ते घराबाहेर पसरून सुकवावेत किंवा पाण्यात बुडवावेत.

ग्रीस, पाणी आणि तेल

साठवणुकीतून आलेली रायफल जाड, पिवळसर ग्रीसमध्ये बुडालेली असते. धातूचे भाग हवेशीर जागी रॉकेल किंवा मिनरल स्पिरिटने धुवावेत; पेट्रोल वापरू नये. लाकूड जुन्या सुती कापडात गुंडाळून काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून उन्हात ठेवले की ग्रीस पाझरून कापडात उतरते. चेंबर आणि नळीतली ग्रीस पूर्ण गेल्याशिवाय गोळी झाडायची नाही, कारण तेलकट चेंबरमध्ये पुंगळी भिंतीला धरत नाही आणि सगळा जोर बोल्टवर येतो.

गोळीबारानंतरची स्वच्छता दारूगोळ्यावर अवलंबून असते. जुन्या लष्करी .३०३ काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून पोटॅशियम क्लोराइड हे मीठ उरते, आणि मीठ हवेतला ओलावा ओढून एका रात्रीत नळीला गंज चढवते. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची जुनी काडतुसे, बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे असलेली, परदेशातल्या बाजारात अजून भेटतात, आणि गावाकडची वस्तू म्हणून मराठी माणसाला त्यांचे अप्रूप वाटते. वापरलीच तर मीठ तेलात विरघळत नाही हे लक्षात ठेवावे. तेल फिरवले की नळी स्वच्छ दिसते आणि तेलाखाली मीठ आपले काम करत राहते.

उपाय पाण्याचा. बोल्ट काढावा, नळीचे तोंड खाली करून चेंबरच्या बाजूने नरसाळ्यातून एक-दोन लिटर उकळते पाणी ओतावे, आणि ते लाकडात शिरणार नाही याची काळजी घ्यावी. बोल्टचे डोकेही गरम पाण्याने धुवावे. गरम नळी स्वतःच सुकते. मग कोरड्या चिंद्या, नंतर सॉल्व्हंट आणि ब्रश, पुन्हा कोरड्या चिंद्या आणि शेवटी तेलाची एक. उस्ताद साफसफाईला चार बाय दोन इंचांची चिंदी देत आणि तेलाला चार बाय दीडची, म्हणजे तेल पिळून न निघता नळीला लागते. सळई शक्यतो चेंबरच्या बाजूनेच घालावी. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी एकेक कोरडी चिंदी ओढावी. तपकिरी रंग आला तर पाणी कमी पडले होते. पुन्हा झाडण्याआधी नळीतले तेल पुसून काढायचे असते.

पहिला दिवस मैदानावर

सुरुवात आधुनिक, कारखान्यात बनलेल्या .३०३ काडतुसांनी करावी, जुन्या लष्करी साठ्याने नव्हे. ट्रिगर दाबूनही गोळी सुटली नाही तर रायफल निशाणाच्या दिशेला तशीच धरून किमान एक मिनिट थांबावे. जुना प्रायमर उशिरा पेट घेऊ शकतो. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर पुढची गोळी भरण्याआधी नळी आरपार पाहावी. मॅगझिन भरताना प्रत्येक काडतुसाचा काठ खालच्या काठाच्या पुढे बसायला हवा, नाहीतर दोन काठ एकमेकांत अडकतात आणि दोष मॅगझिनला दिला जातो.

पहिल्या पाच गोळ्या एकेक करून झाडाव्यात आणि प्रत्येक पुंगळी उचलून पाहावी. खांदा पुढे सरकून फुगलेला दिसेल. लष्करी चेंबर ऐसपैस कापलेले असत, त्यामुळे ते स्वाभाविक आहे. पाहायचे ते बुडाच्या सुमारे एक सेंटिमीटर वर. तिथे पुंगळीभोवती चकचकीत रेषा असेल तर सरळ केलेल्या पेपर क्लिपचे टोक किंचित वाकवून आतून भिंतीवर ओढावे. टोक एखाद्या चरात अडखळले तर पितळ तिथे ताणून पातळ झाले आहे आणि त्या दिवसाचा नेमबाजीचा कार्यक्रम तिथेच आटोपावा. प्रायमर बुडाबाहेर आलेला, सपाट झालेला किंवा भोक पडलेला असेल तरीही तसेच.

ठेवायचे कसे

कॅनडात अशी रायफल रिकामी करून, ट्रिगरला कुलूप लावून किंवा बोल्ट काढून किंवा कुलूपबंद कपाटात ठेवावी लागते, आणि दारूगोळा सहज हाताशी नसावा किंवा कुलपात असावा. मी कुलूपबंद कपाट वापरतो आणि बोल्टही वेगळा ठेवतो. घरी पाहुण्यांची मुले येतात, तेव्हा कायद्याच्या किमान अटीवर मी थांबत नाही. रायफल नळी खाली करून उभी ठेवली तर जादा तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही. कपाटात सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि ती दर दोन महिन्यांनी बदलावी. फोमच्या पेटीत मात्र रायफल एका प्रवासापुरतीच असावी. फोम ओलावा धरून ठेवतो, आणि मी एका हिवाळ्यात ती तशीच विसरलो होतो. माझ्या रायफलीच्या नळीच्या उघड्या भागावर फोमच्या खाचांची ठिपक्याठिपक्यांची नक्षी अजून दिसते.